चुनखडीतला वायू पकडला, पण ठेवायचा कुठे? चंद्रपूरच्या सिमेंट पट्ट्यातून मंत्रालयाला खुले पत्र

प्रति,
मा. सचिव, उद्योग विभाग,
मा. सचिव, पर्यावरण व वातावरणीय बदल विभाग,
महाराष्ट्र शासन, मंत्रालय, मुंबई.

विषय : चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिमेंट कारखान्यांत कार्बन पकडून वापरण्याची योजना एकेका कारखान्यापुरती न करता संपूर्ण पट्ट्यासाठी एकत्र आखण्याबाबत.

महोदय / महोदया,

कोरपना तालुक्यातल्या एका सिमेंट कारखान्याच्या लॅबमध्ये मी केमिस्ट म्हणून नोकरी केली आणि तिथूनच निवृत्त झालो. आमच्याकडे दर शिफ्टला एक चाचणी ठरलेली असायची. किल्नला, म्हणजे सिमेंटच्या भट्टीला, जाणाऱ्या चुनखडीच्या कच्च्या पिठाचा नमुना आला की त्यातलं एक ग्रॅम काट्यावर मोजून क्रुसिबलमध्ये घ्यायचं आणि साडेनऊशे अंशांवर तापलेल्या मफल भट्टीत ठेवायचं. तासाभराने ते लांब चिमट्याने काढून डेसिकेटरमध्ये निववायचं आणि पुन्हा काट्यावर ठेवायचं. एका ग्रॅमचं ०.६५ ग्रॅम झालेलं असायचं. गेलेले ०.३५ रजिस्टरच्या 'एलओआय'च्या, म्हणजे तापवल्यावर घटलेल्या वजनाच्या, रकान्यात लिहून सही करायची.

नवीन शिकाऊ पोरं आली की मी त्यांना विचारायचो, ही पस्तीस टक्के माती गेली कुठे? पोरं आधी क्रुसिबलमध्ये बघायची, मग सांडलं का म्हणून टेबलावर बघायची. मग मी त्यांना खिडकीजवळ नेऊन चिमणी दाखवायचो.

त्या रकान्याखाली मी हजारो सह्या केल्या असतील. चुनखडी तापल्यावर चिमणीतून जाणारा तो कार्बन डायऑक्साइड वायू माझ्याकडे कधी कोणी मागितला नाही. आता मागितला जाईल अशी चिन्हं दिसतात, म्हणून हे पत्र.

२०२६-२७ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात कार्बन पकडणं, वापरणं आणि साठवणं यासाठी पाच वर्षांत २०,००० कोटी रुपयांची तरतूद प्रस्तावित झाली. वीज, पोलाद, सिमेंट, तेलशुद्धीकरण आणि रसायनं ही पाच क्षेत्रं त्यात आहेत. आयआयटी मुंबईत २०२२ पासून या विषयाचं राष्ट्रीय केंद्र आहे. २०२५ च्या मे महिन्यात केंद्राच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाने खास सिमेंटसाठी पाच चाचणी प्रकल्प जाहीर केले. याचा मला मनापासून आनंद आहे. काळजी वेगळ्याच गोष्टीची आहे. उद्या प्रत्येक कारखाना आपापला सल्लागार नेमेल, चिमणीपासून कुंपणापर्यंतचा प्रस्ताव करील आणि दिल्लीला पाठवील. कुंपणाबाहेर त्या वायूचं काय होणार, त्यासाठी लागणारं पाणी कोणाच्या वाट्यातून येणार, तो कोणत्या रस्त्याने जाणार, हे कोणाच्याच प्रस्तावात असणार नाही. कारण ते एकट्या कारखान्याचं काम नाही. ते राज्याचं काम आहे.

गडचांदूर, आवारपूर, उपरवाही, नारंडा. या चार ठिकाणचे सिमेंट कारखाने एकमेकांपासून मोटरसायकलने अर्ध्या-पाऊण तासाच्या आत आहेत. नदीपलीकडे घुग्घुसला आणखी एक. सगळ्यांची चुनखडी याच मातीतली, पाणी याच खोऱ्यातलं, ट्रक याच रस्त्यावरचे. चिमण्या वेगळ्या असल्या तरी प्रश्न एकच आहे. त्याचा आराखडाही एकच हवा.

सुरुवात सिमेंटपासूनच का, हेही सांगतो. शंभर किलो शुद्ध चुनखडी भाजली तर चव्वेचाळीस किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. एक टन क्लिंकर (चुनखडी भाजून झालेले, दळून सिमेंट करायचे खडे) करताना अर्ध्या टनाहून थोडा जास्त वायू दगडातूनच बाहेर पडतो आणि कोळशाचा मिळवला की बेरीज आठशे किलोच्या पुढे जाते. कोळशाच्या जागी शेतातलं तूस जाळा, कचरा जाळा, किल्न उद्या सौर विजेवर चालवा. दगडातला वायू निघायचा तो निघणारच. विजेचं तसं नाही. वीज करायला दुसरे मार्ग आहेत. आमच्या २९२० मेगावॅटच्या महाऔष्णिक केंद्राला ही यंत्रणा लावली तर तिथली वीज तीच यंत्रणा खाईल आणि तेवढ्याच युनिटांसाठी जास्त कोळसा जाळावा लागेल. त्यातही हा वायू शोषणारी अमाइनची रसायनं सल्फरने खराब होतात, म्हणजे आधी धुरातलं सल्फर काढणं आलं. सल्फर डायऑक्साइडची मर्यादा २०१५ च्या डिसेंबरात ठरली, मुदती वाढत गेल्या आणि २०२५ च्या जुलैत देशातल्या बहुतेक औष्णिक केंद्रांना त्या यंत्रणेतून सूटच मिळाली. सल्फरचं घोडं जिथे दहा वर्षं अडलं, तिथे कार्बनची वरात काढू नका. ज्याला दुसरा इलाज नाही त्या सिमेंटपासून सुरू करा.

आता मुख्य मुद्दा. पकडलेला वायू जाणार कुठे?

आपल्या देशात हे काम जिथे जिथे नीट चाललं तिथे एक गोष्ट सारखी दिसते. तुतिकोरिनच्या अल्कली कारखान्याने २०१६ मध्ये कोळशाच्या बॉयलरच्या धुरातून वर्षाला ६०,००० टन वायू पकडायला सुरुवात केली, कारण सोडा ॲश (धुण्याचा सोडा) करायला तो त्यांना स्वतःलाच लागत होता. इफ्कोच्या आंवला आणि फुलपूरच्या युरिया कारखान्यांनी २००६ मध्येच धुरातून दिवसाला ४५० टन वायू काढणारी यंत्रणा उभी केली, कारण शेजारच्या प्लांटमध्ये युरियाला तो कमी पडत होता. आपल्या रायगड जिल्ह्यात स्पंज आयर्नच्या कारखान्यातला वायू शुद्ध करून पेयांच्या उद्योगाला दिला जातो. तिन्ही ठिकाणी गिऱ्हाईक आधी होतं, यंत्र नंतर आलं.

कोरपन्यात असं गिऱ्हाईक कोण आहे? इथे समुद्राचं मीठ नाही, म्हणून सोडा ॲश नाही. युरियाचा कारखाना नाही. सोडा वॉटरच्या बाटल्या भरून किती वायू खपेल? आणि बाटलीचं झाकण उघडलं की तो परत हवेतच जातो, युरियातला शेतात टाकल्यावर जातो. असा वापर धंदा म्हणून करा, माझी हरकत नाही. पण त्याला 'कार्बन कमी केला' म्हणू नका आणि त्यावर क्रेडिट देऊ नका.

मोठ्या प्रस्तावांमध्ये मिथेनॉलचं, म्हणजे या वायूत हायड्रोजन मिळवून केलेल्या इंधनाचं, नाव हमखास असतं. म्हणून त्याचा हिशेब मांडतो. वर्षाला दहा लाख टन क्लिंकर करणारी एक किल्न घ्या. तिचा वायू आठ लाख टन. एक टन मिथेनॉलला साधारण १.३७५ टन वायू आणि जवळपास १९० किलो हायड्रोजन लागतो. म्हणजे मिथेनॉल झालं ५.८ लाख टन आणि हायड्रोजन लागला १.१ लाख टन. पाण्यातून एक किलो हायड्रोजन काढायला किमान पन्नास युनिट वीज आणि नऊ लिटर शुद्ध पाणी लागतं. गुणाकार केला तर वर्षाला ५५० कोटी युनिट वीज आणि ९९ कोटी लिटर पाणी. आमचं महाऔष्णिक केंद्र वर्षभर सत्तर टक्के भाराने चाललं तर जेवढी वीज देईल, तिचा जवळपास तिसरा हिस्सा एका किल्नपायी गेला. आणि ती वीज कोळशाची असेल तर सगळाच उद्योग उलटा. मिथेनॉल वाईट आहे असं मी म्हणत नाही. विंध्याचलला एनटीपीसीने दिवसाला दहा टनांचा प्रयोग केला, त्यातून शिकायला मिळतं. पण एखाद्या प्रस्तावात मिथेनॉल हा शब्द दिसला की त्याच पानावर वीज कुठली आणि पाणी कुठलं हे विचारा.

वायू बाहेर नेऊ म्हटलं तर टँकर हवेत. एका टँकरमध्ये वीस टन धरा. आठ लाख टनांना चाळीस हजार फेऱ्या, म्हणजे रोज एकशे दहा भरलेले टँकर आणि तेवढेच रिकामे परतणारे, तेही एकाच किल्नसाठी. गडचांदूर-राजुरा रस्त्याने सकाळी सायकलवर शाळेत जाणाऱ्या मुली कोळशाच्या आणि सिमेंटच्या गाड्यांमधून वाट काढतात. तो रस्ता मी रोज बघतो. त्यावर आणखी दोनशे वीस गाड्या घालायचा विचार कोणी मुंबईत बसून करू नये.

मग उरतं काय? उरतं ते आकाराने लहान, पण टिकाऊ. ओलं काँक्रीट या वायूत पिकवलं तर वायूचा पुन्हा दगड होतो आणि शंभर वर्षं हलत नाही. पेव्हर ब्लॉक, विटा, नाल्याचे पाइप, कंपाउंडचे खांब, हा सगळा माल आमच्या जिल्ह्यातल्या छोट्या कारखानदारांचा आहे आणि त्याचं सर्वांत मोठं गिऱ्हाईक सरकारच आहे. ग्रामपंचायतीच्या गल्लीतले ब्लॉक असोत की शाळेची भिंत, ते सार्वजनिक बांधकाम विभागाच्या दरसूचीवर चालतं. दरसूचीत ज्या मालाची ओळ नाही तो कुठलाच कंत्राटदार वापरत नाही. तेव्हा वायूत पिकवलेल्या ब्लॉकची एक ओळ दरसूचीत घाला. त्यासाठी अनुदान लागत नाही.

राखेबद्दल एक गैरसमज आहे तोही काढतो. आमच्या वीज केंद्राची राख वायू शोषून घेईल असं काही जण म्हणतात. आपल्या कोळशाच्या राखेत चुना फार कमी असतो, त्यामुळे ती फार काही शोषणार नाही. पोलादाच्या भट्टीतल्या मळीचं (स्लॅगचं) मात्र वेगळं आहे, तिच्यात मोकळा चुना असतो आणि ती वायू खरोखर पिते. आणि पोलाद आता आमच्या शेजारी येतंय. गडचिरोलीत कोनसरीला प्रकल्प उभा राहतोय, शासन त्या जिल्ह्याला पोलादाचं केंद्र करायचं म्हणतंय. तिथली मळी आणि इथला वायू यांची गाठ आताच, नकाशा कागदावर असतानाच घालून द्या. दहा वर्षांनी मळीचे डोंगर झाल्यावर समिती नेमण्यात अर्थ नाही. दोन जिल्ह्यांचं हे काम एकेका कारखान्याला सुचलं तरी करता येणार नाही, म्हणून तर तुम्हाला लिहितो.

बल्लारपूरच्या कागद कारखान्याचाही विचार होईल, कारण कागदात भरायला बारीक कॅल्शियम कार्बोनेट लागतं आणि ते चुना व या वायूपासून करतात. ऐकायला उत्तम. पण तो चुना चुनखडी भाजूनच केला असेल तर जेवढा वायू आत घातला तेवढा भाजताना आधीच बाहेर गेलेला असतो. वजाबाकीत शून्य. टाकाऊ चुना मिळाला तरच हिशेब जमतो. हे पर्यावरण अहवालात कोणी लिहिणार नाही, म्हणून मी लिहितो.

आणि जमिनीखाली? इथून यवतमाळकडे सरकलं की आपला काळा कातळ (बेसॉल्ट) सुरू होतो. आइसलँडमध्ये अशाच कातळात पाण्यात विरघळवलेला वायू सोडला, तर दोन वर्षांत पंच्याण्णव टक्क्यांहून जास्त वायूचा दगड झाला, हे २०१६ मध्ये प्रसिद्ध झालं. ते वाचलं तेव्हा मला रात्री झोप लागली नव्हती, खरं सांगतो. पण त्या पद्धतीत एक टन वायूला सुमारे पंचवीस टन पाणी लागतं आणि यवतमाळच्या शेतकऱ्याला पाण्याबद्दल काही सांगायची माझी तरी हिंमत नाही. संशोधन जरूर व्हावं. नागपूरला नीरी ही पर्यावरण संशोधन संस्था आहे, व्हीएनआयटी हे अभियांत्रिकी शिक्षणाचं केंद्र आहे, त्यांना काम द्या. पण आराखड्यात हा कातळ आज जमेच्या बाजूला धरू नका.

पाण्याबद्दल जरा थांबून सांगितलं पाहिजे. २०१० च्या उन्हाळ्यात इरई धरणाने तळ गाठला आणि महाऔष्णिक केंद्राचे संच बंद ठेवायची वेळ आली. धरणाच्या काठाची चिखलमाती वाळून तिच्या खपल्या उचलल्या होत्या, एकेक खपली हाताच्या पंजाएवढी. मी एक उचलून घरी आणली होती, पावसाळ्यापर्यंत खिडकीत होती. त्याआधीच, २००९ मध्ये, केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने देशातल्या औद्योगिक पट्ट्यांची गुणवारी लावली, तेव्हा चंद्रपूर ८३.८८ गुणांनी चौथं आलं होतं. अशा जागी नवीन यंत्रणा येणार, ती वायू थंड करायला आणि रसायन निववायला पाणी मागणार. तेव्हा आराखड्याचं पहिलं पान पाण्याचं असावं. कोणत्या धरणातून किती, मे महिन्यात किती, आणि टंचाई आली तर आधी कोणाचा नळ बंद होणार, हे त्यावर लिहिलेलं असावं.

उष्णतेचंही तसंच. अमाइनने वायू धरला की तो सोडवायला ते सुमारे एकशे वीस अंशांपर्यंत तापवावं लागतं. नॉर्वेत ब्रेविकला सिमेंट कारखान्यात जगातली पहिली मोठी यंत्रणा २०२५ च्या जूनमध्ये सुरू झाली, वर्षाला चार लाख टन पकडणारी. कारखान्याच्या एकूण वायूच्या ती साधारण निम्मीच आहे, कारण फुकट मिळणारी उष्णता तेवढीच होती. तिथला वायू जहाजाने नेऊन उत्तर समुद्राखाली पुरतात आणि खर्चाचा मोठा भाग तिथल्या सरकारने उचललाय. आपल्याकडे प्रीहीटरमधून (किल्नआधी पीठ तापवणाऱ्या मनोऱ्यातून) निघणारा तीनशे अंशांचा धूर आधीच कामाला जुंपलेला असतो, रॉ मिलमधलं पीठ सुकवायला, कोळसा सुकवायला, काही ठिकाणी वीज करायला. 'वाया जाणारी उष्णता वापरू' असं प्रस्तावात लिहिलेलं दिसलं, तर ती सध्या कुठे जाते ते कारखान्याच्या रजिस्टरवरून तपासा.

वायू पकडण्याआधी तो कमी निघेल अशी खटपटही हवी. क्लिंकर कमी करून भाजलेली चिकणमाती आणि कच्ची चुनखडी मिसळलेल्या सिमेंटला २०२३ मध्ये भारतीय मानक मिळालंय. ते सरकारी कामांत सुरू करणं हा सर्वांत स्वस्त उपाय आहे.

राखेवरून आपण एक धडा आधीच गिरवलेला आहे, तो विसरू नये. १९९९ मध्ये केंद्राने फ्लाय ॲश वापरण्याची अधिसूचना काढली. आमच्या कारखान्यात राखेचे पहिले बल्कर (भुकटी वाहणारे बंद टँकर) आले तेव्हा जुने लोक नाक मुरडायचे, सिमेंटमध्ये राख घालणार म्हणजे भेसळ झाली म्हणायचे. आज पंधरा ते पस्तीस टक्के राखेचं सिमेंट मानकात आहे आणि घरोघरी वापरलं जातं. ते का जमलं? मानक ठरलं होतं, गिऱ्हाईक बल्करच्या टप्प्यात होतं आणि राखेने सिमेंटवाल्याचे पैसे वाचत होते. आणि काय जमलं नाही? संपूर्ण राख वापरण्याच्या मुदती २००३, २००९, २०१६, २०२१ अशा प्रत्येक नव्या अधिसूचनेत पुढे गेल्या आणि तळ्यांत राख साठत राहिली. ज्याला गिऱ्हाईक होतं ते झालं, ज्याला नव्हतं ते फक्त मुदतीवर सोडलं गेलं. कार्बनच्या आराखड्यात नुसत्या तारखा असतील तर त्याचंही तेच होईल.

बल्लभगडला राष्ट्रीय सिमेंट परिषदेच्या चाचणी प्रकल्पात रोज दोन टन वायू पकडायचं ठरलंय. वर सांगितलेली किल्न तेवढा वायू सव्वा मिनिटात सोडते. हे मी नाउमेद करायला सांगत नाही. दोन टनांपासूनच शिकायचं असतं. टाटा स्टीलने जमशेदपूरला २०२१ मध्ये रोज पाच टनांनीच सुरुवात केली. पण म्हणूनच आमच्या पट्ट्यात चार कारखान्यांनी चार वेगवेगळी खेळणी आणण्यापेक्षा एकाच ठिकाणी, सगळ्यांना खुली, रोज पन्नास-शंभर टनांची एक सामाईक यंत्रणा उभी करा. शेजारी औद्योगिक वसाहतीत ब्लॉकवाल्यांना भूखंड द्या आणि वायू पाइपने द्या. चंद्रपूरच्या शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयातली आणि राजुरा-कोरपन्याच्या आयटीआयमधली पोरं तिथे पहिल्या दिवसापासून असू द्या. आमच्या गावांनी जमिनी दिल्या आणि वॉचमनच्या नोकऱ्या घेतल्या. या वेळी कंट्रोल रूमच्या खुर्च्या हव्यात.

अमाइनचा थोडा अंश चिमणीतून बाहेर जातो आणि हवेत त्याची अपायकारक संयुगं होऊ शकतात. नॉर्वेने त्याची मर्यादा ठरवून दिली आहे. आपल्या प्रदूषण नियंत्रण मंडळाने ती यंत्रणा येण्याआधी ठरवावी. आणि किती वायू पकडला, त्यातला किती दगडात गेला, किती पुन्हा हवेत सुटला, हे तीन आकडे दर महिन्याला ग्रामपंचायतीच्या फलकावर मराठीत लावावेत. कारखान्याच्या गेटवर हिरव्या अक्षरांत एकच आकडा फिरवणारा बोर्ड आम्ही खूप पाहिला.

एक गोष्ट मात्र करू नका. जिल्हा खनिज प्रतिष्ठानचा पैसा यात घालू नका. तो खाणींमुळे ज्यांच्या विहिरी आटल्या, ज्यांच्या छातीत धूळ गेली त्यांचा आहे. कार्बन पकडणं हे कारखान्याचं आणि देशाचं कर्तव्य आहे, त्याचं बिल त्या माणसांच्या नावाने फाडू नये.

माझी मागणी मोठी नाही. प्रस्ताव दिल्लीला जाण्याआधी उद्योग, पर्यावरण, जलसंपदा आणि सार्वजनिक बांधकाम या चारही विभागांचे अधिकारी, सगळ्या कारखान्यांचे प्रोसेसचे लोक आणि परिसरातले सरपंच यांची एक बैठक बोलवा. ती गडचांदूरलाच घ्या आणि मे महिन्यात घ्या. सकाळी आठला या, मी तुम्हाला आधी वर्धा नदीच्या पात्रात घेऊन जाईन, तिथून खाणीवर. दुपारी उकाड्यात बसून पाण्याच्या पानापासून सुरुवात करू. हिशेबाची माझी वही मी सोबत आणतो.

आपला,
एक निवृत्त सिमेंट केमिस्ट
गडचांदूर परिसर, ता. कोरपना, जि. चंद्रपूर